‘सुरक्षित’ म्हणजे किती सेंटिमीटर?

वाचकांचे प्रश्न : तटबंध आणि पूरनियंत्रण

तटबंधांविषयी आलेल्या पत्रांत तक्रारी वेगवेगळ्या आहेत, पण सूर एकच आहे : पूरनियंत्रण विभाग जे सांगतो त्यावर भरवसा बसत नाही. भरवसा ठेवावा की नाही, हे इथे बसून आम्ही ठरवू शकत नाही. पण ‘काळजी करू नका, सुरक्षित आहे’ या वाक्याला अभियांत्रिकीत काही अर्थ नसतो. त्यामागे कोणता आकडा आहे, तो कोणत्या कागदावर सापडतो आणि कुठे चुकतो, एवढं मात्र सांगता येतं.

प्रश्न : नवा तटबंध ‘शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी’ बांधणार, असं सभेत सांगितलं. पण त्यांच्याच फलकावरची ती पातळी गेल्या दहा वर्षांत दोनदा ओलांडली गेली. विचारलं तर ‘योगायोग’ म्हणतात. आम्हाला वेड्यात काढताहेत का?

‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोगच घोटाळ्याचा आहे. त्याचा अर्थ एवढाच, की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का. एका घरात तीस वर्षं राहणाऱ्याला असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता २६ टक्के होते. म्हणजे चारांतल्या एकाला. एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षं सुटका, असं काही नसतं.

पण म्हणून ‘योगायोग’ हे उत्तरही निमूट मान्य करू नका. १ टक्का खरा असेल, तर दहा वर्षांत दोनदा किंवा अधिक वेळा असा पूर येण्याची शक्यता हजारात चारच्या आसपास निघते. नद्या शेकडो आहेत, त्यामुळे कुठे ना कुठे हे घडणारच. पण ज्या नदीवर घडलं, तिचा आकडा पुन्हा तपासायचा असतो. त्यासाठी विभागाकडून वार्षिक कमाल विसर्गांची यादी मागा, म्हणजे दर वर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग किती घनमीटर प्रति सेकंद होता ते. यादी कोणत्या वर्षी थांबते ते आधी पाहा. तुमचे दोन्ही पूर तिच्यात नसतील, तर आराखडा जुन्या आकड्यांवर उभा आहे. यादी ३०-३५ वर्षांचीच असेल, तर शंभर वर्षांच्या पुराचा आकडा हा ओढूनताणून पुढे नेलेला अंदाज असतो आणि त्याची चूक दोन्ही बाजूंना मोठी असते. अहवालात एकच आकडा असेल आणि त्याच्या वर-खालचा पट्टा नसेल, तर तो पट्टा लेखी मागा.

दुसरी शक्यता जास्त वेळा खरी ठरते : विसर्ग तेवढाच आहे, पातळी वाढली आहे. खाली नवा पूल झाला, पात्रात भराव पडला, गाळ साचला किंवा काठावर झुडपं माजली, की तेच पाणी जास्त उंचीने वाहतं. म्हणून ‘पातळी ओलांडली’ आणि ‘विसर्ग ओलांडला’ या दोन गोष्टी वेगळ्या करून विचारा. पहिली खरी आणि दुसरी खोटी असेल, तर नुसता तटबंध उंचावून मूळ कारण जागच्या जागी राहतं.

फ्रीबोर्ड, म्हणजे हिशेबाच्या पूरपातळीवर राखलेली मोकळी उंची, किती धरली आहे तेही बघा. भारतीय मानक आयएस १२०९४ नुसार विसर्ग सेकंदाला ३,००० घनमीटरपर्यंत असेल तर किमान १.५ मीटर आणि त्याहून जास्त असेल तर १.८ मीटर. अमेरिकेत संघीय मान्यतेसाठी किमान ३ फूट आणि पुलाच्या दोन्ही बाजूंना शंभर फुटांपर्यंत आणखी १ फूट मागतात. ही उंची लाटा, गाळ आणि हिशेबातल्या चुकांसाठी असते. ‘फ्रीबोर्ड धरून आपण दोनशे वर्षांच्या पुराला पुरतो’ असं कुणी सभेत म्हणालं, तर तो राखीव पैसा खर्चाला काढतो आहे.

प्रश्न : समोरच्या काठावर तटबंध मंजूर झाला आहे, आमच्या काठावर नाही. ‘आपल्या बाजूस होणारा फरक नगण्य’ असं लेखी उत्तर आलं. नगण्य म्हणजे किती?

तो आकडा त्यांच्याकडे असणारच, कारण तो काढल्याशिवाय ‘नगण्य’ लिहिता येत नाही. नसेल, तर ते उत्तर अंदाजाने दिलेलं आहे.

पाण्याला पसरायची जागा कमी केली की ते उंच होतं. उतार आणि खडबडीतपणा तोच ठेवून, सारख्या खोलीच्या रुंद प्रवाहाचा ढोबळ हिशेब असा : रुंदी ६०० मीटरवरून ४०० मीटरवर आणली, तर ४ मीटर खोलीचं पाणी साधारण ५.१ मीटर होतं. प्रत्यक्षात वाढ याहून कमी असते, कारण काठावरच्या शेतांतून पाणी उथळ आणि हळू वाहतं, मुख्य पात्राइतकं वाहून नेत नाही. किती कमी, हे सांगायलाच संगणकी प्रारूप करतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी वापरलं जाणारं हेक-रास हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यामुळे विभागाकडून प्रारूपाच्या फाइली मिळाल्या, तर एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापकही त्या चालवून बघू शकतील. नुसता छापील अहवाल घेऊन परत येऊ नका.

फाइलीत तीन जागा बघायला सांगा. पहिली, काटछेद, म्हणजे नदीपात्राचे मोजलेले आडवे छेद : दोन काटछेदांतलं अंतर किती आणि ते कोणत्या वर्षी मोजले? दहा वर्षांपूर्वीचे असतील, तर नदीचा तळ आज तोच नाही. दुसरी, खडबडीतपणाचा आकडा, म्हणजे मॅनिंगचा ‘एन’ : स्वच्छ नैसर्गिक पात्राला ०.०३ च्या आसपास धरतात, दाट झुडपांच्या पूरमैदानाला ०.१ पर्यंत. झुडपं असताना ०.०३५ धरला, की कागदावर पाणी खाली उतरतं. तिसरी, पडताळणी : मागच्या मोठ्या पुराचा विसर्ग प्रारूपात घातला, तर भिंतींवरच्या पूरखुणांशी उत्तर किती सेंटिमीटरने जुळतं? प्रारूपाची चूकच ३० सेंमी असेल, तर ‘फरक ४ सेंमी’ हे वाक्य वरवर नीट दिसतं, पण त्याला आधार नाही. निदान तटबंधासह आणि तटबंधाविना अशा दोन पातळ्यांमधला फरक तरी नकाशावर दाखवायला सांगा, नदीभरच्या सरासरीत नको. सरासरी २ सेंमी असताना पुलाच्या वरच्या अंगाला २५ सेंमी असू शकते.

आणि १० सेंमी म्हणजे किती? जमिनीचा उतार हजाराला एक असेल, तर पाणी १०० मीटर आणखी आत येतं. ज्याचं जोतं पूरपातळीच्या ८ सेंमी वर आहे, त्याच्यासाठी ते घरात येतं.

कुणाच्या तरी जमिनीवर पाणी जाणारच असेल, तर ते आधी, लिहून आणि मोबदला देऊन ठरायला हवं. २ मे २०११ रोजी मिसिसिपीला मोठा पूर असताना अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने मिसुरी राज्यातला बर्ड्स पॉइंटचा तटबंध स्वतःच स्फोटकांनी उडवला. सुमारे १,३०,००० एकर शेतजमीन पाण्याखाली गेली आणि केरो शहरावरचा ताण उतरला. शेतकरी चिडले, कोर्टात गेले. पण ही वाट १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्यात ठरलेली होती आणि त्या जमिनींवर पाणी सोडण्याचा हक्क सरकारने आधीच विकत घेतलेला होता. तुमच्याकडे असा कागद नसेल आणि समोरचा तटबंध उंचावत असेल, तर मोबदला न देता तुमची जमीन पूरवाट होते आहे. हरकतीत हेच शब्द वापरा.

प्रश्न : सुमारे तीन किलोमीटरच्या तटबंधासाठी सहाच चाचणी बोअर घेतले. ‘माती चांगली आहे’ असं सांगतात. उंची तर भरपूर दिली आहे, मग मातीची एवढी चिंता करावी का?

उंचीपेक्षा जास्त करावी. पाणी माथ्यावरून न जाताही तटबंध फुटतात. २००५ साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या सतराव्या स्ट्रीटच्या आणि लंडन ॲव्हेन्यूच्या कालव्यांच्या पूरभिंती पाणी माथ्याला पोहोचण्याआधीच कोसळल्या. पायातली माती कमजोर होती. पाण्याच्या दाबाने भिंत किंचित झुकली, भिंत आणि माती यांच्यात फट पडली, फटीत पाणी भरलं आणि दाब थेट खोलवर पोहोचला. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे कोसीचा तटबंध फुटला, तेव्हा विसर्ग सुमारे १.४४ लाख क्युसेक होता. आराखडा ९.५ लाख क्युसेकचा होता. तिथे नदी आधीपासून तटबंधाचा पायथा आणि त्याचे स्पर, म्हणजे प्रवाह दूर ठेवणारे आडवे बांध, कातत होती.

पायाखालून पाझर कसा मारतो ते समजून घेतलं, की बोअरचं महत्त्व कळतं. नदीकाठच्या जमिनीत बहुधा वर चिकणमातीचा थर असतो आणि खाली वाळू. पुरात नदीचा दाब वाळूतून तटबंधाच्या खालून पलीकडे जातो आणि चिकणमातीच्या थराला खालून वर ढकलतो. समजा नदीचं पाणी बाहेरच्या जमिनीपेक्षा ४ मीटर वर आहे आणि पायथ्याशी वाळूतला दाब त्याच्या ४० टक्के, म्हणजे जमिनीच्या वर १.६ मीटर आहे. चिकणमातीचा थर २ मीटर जाड असेल, तर १.६ भागिले २, म्हणजे ०.८. हा आकडा १ च्या जवळ गेला की माती उचलली जाते. हलकी माती ०.८ लाच उचलली जाऊ शकते. अमेरिकी अभियंता दल आराखड्यात पायथ्याशी ०.५ च्या वर जाऊ देत नाही. थर ४ मीटर असता तर हाच आकडा ०.४ आला असता आणि कुणी चिंता केली नसती. आता पायथ्यालगत कुणी विटांसाठी, शेततळ्यासाठी किंवा तटबंधाच्याच भरावासाठी एक मीटर माती उचलली, तर दोन मीटरच्या थरातल्या उरलेल्या एका मीटरवर आकडा किमान १.६ होतो. तिथे वाळू फुटून वर येणार, आज ना उद्या. भरावाची माती कुठून काढली, हे म्हणूनच कंत्राटदाराच्या सोयीवर सोडायचं नसतं. दुर्दैवाने बहुतेक वेळा तेच होतं, कारण वाहतुकीचे पैसे वाचतात.

आता बोअर. अभियंता दलाच्या मार्गदर्शिकेत प्राथमिक तपासणीसाठीच दोन बोअरमधलं अंतर ६० ते ३०० मीटर सांगितलं आहे. तुमच्याकडे ते ५०० मीटरच्या वर पडतं. पण नुसती संख्या वाढवून घेण्यात अर्थ नाही, जागा महत्त्वाची. नदीने कधी तरी सोडून दिलेला जुना प्रवाह तटबंधाच्या रेषेला छेदत असेल, तर तिथे खाली वाळूची नळीच असते, वर शेत एकसारखं दिसलं तरी. जुन्या नकाशांवर आणि उपग्रहचित्रांत अशी वळणं दिसतात. उन्हाळ्यात त्या पट्ट्यात पीक वेगळं वाळतं. तिथे बोअर घेतला आहे का, ते रेखांकनावर बोट ठेवून विचारा. खोलीचा किमान दंडक तटबंधाच्या उंचीइतका आहे, पण पाझराचा हिशेब करायचा तर वाळूचा थर कुठे संपतो तेही कळायला हवं. बोअर वाळूतच थांबवला असेल, तर हिशेब अर्धवट आहे. बोअर लॉग (कोणत्या खोलीवर कोणती माती लागली त्याची नोंद), कणांच्या आकाराची चाचणी आणि पाझराचा हिशेब, असे तीन कागद नाव घेऊन मागा. ‘माती अहवाल’ एवढंच मागितलं, तर सारांशाचं एक पान हातावर ठेवतात.

उपाय तीन प्रकारचे असतात. पायथ्याबाहेर मातीचा रुंद ओटा घालून वरून वजन वाढवायचं, हे सोपं आणि टिकाऊ, पण जमीन खातं. ठरावीक अंतरावर दाबमुक्ती विहिरी घ्यायच्या, जागा कमी लागते, पण त्यांच्या जाळ्या काही वर्षांत बुजतात आणि साफसफाईला दर वर्षी पैसे लागतात. किंवा तटबंधाखाली बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) मिसळलेल्या मातीची खोल भिंत घालायची. ती वाळूच्या थरातून खालच्या अभेद्य थरात रुतली तर उत्तम. मध्येच लोंबकळत राहिली तर पाणी तिच्या खालून जातं आणि पैसा बराचसा वाया. विभागाने यातला कोणता निवडला, आणि विहिरी असतील तर त्यांच्या साफसफाईचा पैसा कोणत्या वार्षिक तरतुदीत आहे, हे विचारलं की सभेतली चर्चा एकदम खरी होते.

एक चाचणी घरी करता येते. भरावासाठी आणलेल्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा पेल्यातल्या स्थिर, शुद्ध पाण्यात (बॅटरीचं पाणी चालेल, नळाचं नको) सोडा आणि पाच-दहा मिनिटं हलवू नका. खडा ढासळून तिथेच ढीग झाला तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरत गेला, तर माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटणारी आहे आणि बारीकशा भेगेतूनही ती वाहून जाते. यावरून निकाल देऊ नका. पण प्रयोगशाळेतल्या चाचणीची मागणी करायला एवढं कारण पुरतं.

प्रश्न : आमच्या गावाजवळ जुन्या तटबंधाची उंची वाढवायचं काम सुरू आहे. दोन महिन्यांत संपवायचं म्हणून रात्रंदिवस डंपर चालतात. आम्ही काय बघावं?

थराची जाडी. ओतलेली सैल माती २० ते २५ सेंमी, मग रोलर, मग पुढचा थर. अर्धा मीटर ओतून वरून रोलर फिरवला, तर वरचे १५ सेंमी घट्ट होतात आणि खाली पोकळ राहतं. चिकणमातीला दातांचा, म्हणजे शीपफूट रोलर लागतो. गुळगुळीत रोलरने किंवा डंपरच्या चाकांनी थराचा माथा चकचकीत होतो, पुढचा थर त्यावर चिकटत नाही आणि ती सपाट रेषाच पुढे पाझराची वाट होते. म्हणून प्रत्येक थर टाकण्याआधी खालचा माथा खरवडायचा असतो.

ओलावा ठरलेल्या प्रमाणाच्या दोन टक्के वर-खाली. मूठभर माती दाबून लाडू वळला पाहिजे. बोटांना चिखल लागला तर ओली, लाडू फुटला तर कोरडी. भर उन्हात टँकर न फिरवता काम चाललं असेल, तर माती कोरडीच बसते आहे. दबाई साधारणपणे प्रॉक्टर घनतेच्या, म्हणजे प्रयोगशाळेत ठोकून काढलेल्या कमाल घनतेच्या, ९५ टक्के मागतात आणि ती प्रत्येक थरावर जागेवर मोजून नोंदवहीत लिहायची असते. नोंदवही बघायला मागा. सगळे आकडे ९५.२, ९५.४, ९५.३ असे सुतासारखे सरळ आले, तर ते खुर्चीत बसून लिहिलेले असतात. खऱ्या नोंदींत एखादा ९२ येतो आणि त्याच्यापुढे ‘पुन्हा रोलर फिरवला’ असा शेरा असतो.

जुन्या तटबंधाच्या उतारावर नवी माती नुसती ओतत असतील, तर काम थांबवायला सांगा. आधी गवत-मुळांचा वरचा १५ सेंमी थर काढायचा, मग उतारात पायऱ्या कापायच्या आणि नवी माती त्या पायऱ्यांत बसवायची. हे न केल्यास पहिल्या मोठ्या पावसात नवा भाग जुन्यावरून घसरतो.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे तटबंधातून जाणारे पाइप. पाइपाच्या कुशीत रोलर पोहोचत नाही. तिथे १० सेंमीचे थर हाताने किंवा छोट्या कंपन-यंत्राने ठोकावे लागतात आणि वस्तीकडच्या बाजूला पाइपाभोवती वाळूचा गाळणथर द्यावा लागतो. तुमच्याकडे वेळ थोडाच असेल, तर तो पाइप टाकण्याच्या दिवशी खर्च करा.

प्रश्न : तटबंधाचा माथा आमच्या जोत्यापेक्षा ‘अडीच मीटर उंच’ असेल, असं अधिकारी म्हणाले. हे मोजायचं कसं? मोबाइल वेगळंच दाखवतो.

मोबाइलवरची उंची कित्येक मीटरने चुकते, तिचा उल्लेखही करू नका. आधी दोन्ही उंची एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे उंचीच्या पक्क्या संदर्भबिंदूवरून, मोजल्या आहेत का, ते विचारा. न्यू ऑर्लिन्समध्ये जमीन खचत होती आणि आराखड्यांचे संदर्भबिंदू जुनेच राहिले होते. त्यामुळे काही बांधकामं ठरलेल्या उंचीपेक्षा जवळजवळ २ फूट खाली बसली होती, आणि कागदावर सगळं बरोबर होतं.

स्वतः पडताळायला पारदर्शक नळी पुरते. २५ मीटर लांब, १० ते १२ मिलिमीटर व्यासाची घ्या, बुडबुडा न राहू देता पाणी भरा आणि दोन माणसांनी दोन टोकं मोजपट्टीला धरून टप्प्याटप्प्याने जा. गवंडी हेच करतात. जोत्यापासून तटबंधाच्या खुणेपर्यंत जाऊन दुसऱ्या वाटेने परत जोत्यावर या. किलोमीटरभराच्या फेरीत सुरुवात आणि शेवट २-३ सेंमीत जुळले, तर तुमचं मोजमाप विचारात घेण्याजोगं आहे. काम झाल्यावर पाच वर्षांनी पुन्हा मोजा. भराव बसतो, आणि बसण्यासाठी आधीच जादा उंची दिली नसेल तर फ्रीबोर्ड आपोआप कमी होतो.

प्रश्न : तटबंध झाल्यापासून नदीचं पाणी येत नाही, पण पावसाचं पाणी वस्तीत तुंबतं. विभाग म्हणतो पंप बसवलाय.

किती लिटरचा? हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. वस्तीकडचं क्षेत्र ५० हेक्टर आणि पाऊस १०० मिमी असेल, तर ५०,००० घनमीटर. त्यातलं ६० टक्के वाहून सखल भागात आलं, तर ३०,०००. सेकंदाला २०० लिटरचा पंप तासाला ७२० घनमीटर उपसतो, म्हणजे न थांबता ४२ तास. तुमचे आकडे घाला आणि उत्तर सभेत वाचून दाखवा.

पंप न थांबता चालत नाही, हा पुढचा मुद्दा. पुरात वीज जाते, त्यामुळे डिझेलचा पर्याय हवा. पंपाचा विद्युत-फलक पूरपातळीच्या वर हवा (तो खाली बसवलेला असतो, कारण तिथे बसवणं सोपं असतं). एक पंप बंद पडला तरी काम चालावं, म्हणून एक जादा हवा. आणि नाल्याच्या तोंडावरची झडप : नदी चढली की ती आपोआप मिटायला हवी. फळीत एखादा ओंडका किंवा प्लास्टिकचा गोळा अडकला, की नदी त्याच मोरीतून उलटी वस्तीत शिरते. पावसाळ्याआधी झडप उघडून-मिटवून दाखवा, अशी लेखी मागणी दर मे महिन्यात करा.

प्रश्न : पुराच्या वेळी तटबंधाच्या बाहेर, पायथ्यापासून दहा-बारा फुटांवर, पाणी उकळल्यासारखं येत होतं. लोकांनी गोण्या टाकून ते बंद केलं. बरोबर केलं का?

नाही. धोका टळला असेल तर नशीब. पाणी बंद केलं, की दाब शेजारून दुसरी वाट फोडतो. ते पाणी येऊ द्यायचं असतं, माती येऊ द्यायची नसते.

आधी रंग बघा. स्वच्छ पाणी असेल, तर काठी रोवून खूण करा, वेळ लिहा आणि तासातासाने बघा. गढूळ असेल किंवा तोंडाभोवती वाळूचा शंकू साचत असेल, तर खालची माती वाहून चालली आहे. विभागाला कळवा आणि सुमारे दोन ते तीन फूट अंतर सोडून गोण्यांचं गोल कडं रचा. आतलं पाणी वर चढतं, त्याच्या वजनाने दाब कमी होतो. पाणी स्वच्छ येऊ लागलं की कडं वाढवणं थांबवा आणि जादा पाणी एका खाचेतून बाहेर जाऊ द्या. गोण्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश भरा. गच्च भरलेली गोणी दगडासारखी बसते आणि फटी राहतात. विटांसारखे सांधे चुकवून रचा, पायाची रुंदी उंचीच्या तिप्पट ठेवा. एकट्याने जाऊ नका, रात्री तर नाहीच. पाणी उतरताना पहारा उठवू नका, कारण पाणी झपाट्याने उतरलं की भिजलेला नदीकडचा उतार आधार सुटून घसरतो.

पूर ओसरल्यावर त्या जागेचा फोटो, तारीख, पाण्याची पातळी आणि तटबंधाच्या शेवटापासूनचं अंतर विभागाला लेखी द्या आणि पोच घ्या. पुढच्या वर्षी ‘तिथे कधीच काही झालं नाही’ असं म्हणता येणार नाही.

प्रश्न : तटबंधासाठी आमची जमीन जाणार. ‘तटबंध मागे, नदीपासून दूर घ्या’ असं आम्ही म्हणालो, तर ‘आराखडा अंतिम झालाय’ असं उत्तर मिळालं. मग सभा कशाला घेतली?

तुमच्या प्रश्नातच अविश्वासाचं कारण आहे. रेषा पक्की करून घेतलेली सभा ही नुसती नोटीस असते, सल्लामसलत नाही.

मागे घेतलेला तटबंध नदीला रुंदी देतो. त्यामुळे तो कमी उंचीचा पुरतो, पायथा कातला जात नाही आणि पाझराचं अंतर वाढतं. पण नदीच्या बाजूला राहिलेली जमीन पुराला जाते, आणि ती कुणाची हा झगडा सुटत नाही. नेदरलँड्समध्ये नायमेखन शहरासमोर लेंट इथे तटबंध ३५० मीटर मागे नेला आणि बाजूने जादा प्रवाह खोदला. पुराची पातळी सुमारे ३५ सेंमी खाली आली, पण त्यासाठी सुमारे ५० घरं पाडावी लागली. त्याच देशात ओव्हरडीप पोल्डरच्या (पोल्डर म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेली सखल जमीन) शेतकऱ्यांनी स्वतःच पर्याय मांडला : आमचं शिवार पुराला खुलं करा, आम्ही उंच मातीच्या टेकाडांवर गोठे आणि घरं बांधून राहू. सरकारने तो स्वीकारला. सगळ्यांना तिथे राहता आलं नाही, काही कुटुंबं गेली. पण रेषा कुठे पडणार हे ठरण्याआधी ते बोलत होते.

तुमच्या हरकतीत ‘मागे घ्या’ एवढंच लिहू नका. रेषा नकाशावर काढून द्या आणि दोन्ही पर्यायांचे चार आकडे मागा : पूरपातळी, भरावाचे घनमीटर, जाणारं क्षेत्र आणि पुढच्या ३० वर्षांच्या देखभालीचा खर्च. विभाग सहसा पहिले तीन देतो. चौथा दिला जात नाही, आणि नदीच्या अगदी काठावरच्या तटबंधाला तोच सर्वांत महाग पडतो, कारण नदी दर काही वर्षांनी पायथ्याशी येते आणि दगडी पिचिंग पुन्हा करावं लागतं.

तटबंध माथ्यावरून ओसंडलाच, तर तो पहिल्यांदा कुठे ओसंडेल हेही विचारा. चांगल्या आराखड्यात ती जागा मुद्दाम ठरवून थोडी खाली ठेवतात, तिथे दगड किंवा काँक्रीट घालतात आणि पाणी वस्तीकडे जाणार नाही अशी दिशा देतात. जागा ठरलेली नसेल, तर माथा जिथे खचला असेल तिथे पाणी स्वतः ती ठरवतं.

प्रश्न : तटबंधावरची पन्नास वर्षांची झाडं तोडणार म्हणे. पर्यावरणाचा बळी देण्याचं हे निमित्त वाटतं.

निमित्त असेलही, पण कारण खरं आहे. मोठं झाड वादळात उन्मळलं की मुळांसकट तटबंधाचा लचका निघतो, आणि झाड मेलं की कुजलेल्या मुळांच्या नळ्या उरतात. दाट झाडीत घुशींची बिळं आणि पाझरही दिसत नाहीत. अमेरिकी अभियंता दलाचा दंडक तटबंधावर आणि दोन्ही पायथ्यांपासून १५ फुटांपर्यंत फक्त गवत, असा आहे. त्यावर कॅलिफोर्नियात मोठा वाद झाला, कारण जुन्या झाडांची मुळं उपटल्यानेही तटबंध ढिला होतो.

म्हणून सरसकट तोडीला हरकत घ्या आणि झाडागणिक यादी मागा : माथ्यावर, उतारावर की पायथ्याबाहेर, खोडाचा घेर किती, कललेलं आहे का. जे तोडतील त्याचा बुंधा तसाच ठेवून वर माती लोटणं हे सर्वांत वाईट. मुळं काढून, खड्डा पायऱ्यांनी रुंद करून, २० सेंमीच्या थरांत ठोकून भरायला लावा, आणि हे सगळं पावसाळ्याच्या किमान दोन महिने आधी.